‘नेट नाही’ म्हणण्यापूर्वी



उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुका हा सह्याद्रीच्या माथ्यावरील, दाट अरण्याने वेढलेला मुलूख आहे. काळी नदी याच तालुक्यात दिग्गीच्या परिसरात उगम पावते आणि पुढे कारवारजवळ अरबी समुद्रास मिळते. व्याघ्र प्रकल्पाचे मोठे क्षेत्र या तालुक्यात मोडते. वस्ती विरळ, वाड्या डोंगरउतारांवर विखुरलेल्या आणि एका वाडीपासून दुसरीपर्यंतची वाट बहुधा रानातून जाणारी. घरात कोंकणी अथवा मराठी आणि कचेरीत कन्नड, असा येथील लोकांचा नित्याचा व्यवहार आहे.

अशा मुलुखात आज शेतजमिनीच्या पहाणीचा उतारा, म्हणजे महाराष्ट्रात ज्यास सातबारा म्हणतात तो, संगणकावरूनच मिळतो. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, निवृत्तिवेतनाची चौकशी, शाळेतील विद्यार्थ्यांची नोंदणी, ही सर्व कामे त्याच मार्गाने होतात. एखादा वृद्ध शेतकरी भल्या पहाटे वाडीवरून निघतो, पायी मोटाररस्त्यापर्यंत येतो, दिवसातून मोजक्याच वेळा येणाऱ्या गाडीची वाट पाहतो आणि अखेर ग्रामपंचायतीच्या खिडकीशी पोहोचतो. तेथे त्यास दोनच शब्द ऐकावे लागतात: ‘नेट नाही’. त्याची दिवसाची मजुरी बुडते, गाडीभाडे वाया जाते आणि कागद मिळत नाही तो नाहीच.

हे दोन शब्द उच्चारण्यापूर्वी कोणती चौकशी व्हावयास हवी, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे. उदाहरण जोयड्याचे घेतले असले, तरी सीमेलगतच्या चंदगड, आजरा यांसारख्या डोंगरी तालुक्यांतही याचा उपयोग होण्यासारखा आहे.

दोष बाहेरचा की आतला?

जोडणी बंद पडण्याची कारणे दोन प्रकारची असतात. पहिली बाहेरची. पावसाळ्यात झाड तारेवर कोसळते, रस्त्याच्या खोदकामात केबल तुटते, वीज दीर्घकाळ गेल्याने मनोऱ्याची बॅटरी संपते. या दोषांवर ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्याकडे अथवा शाळेतील शिक्षकाकडे इलाज नसतो. त्यांनी तक्रार नोंदवावी आणि तिचा पाठपुरावा करावा, एवढेच त्यांच्या हाती असते.

दुसऱ्या प्रकारचा दोष मात्र कचेरीच्या चार भिंतींच्या आतच दडलेला असतो. तार शाबूत असते, मनोरा चालू असतो, यंत्रावरील दिवेही लुकलुकत असतात. परंतु संगणकास दिलेला पत्ता चुकलेला असतो. पडद्यावर दोन्ही दोषांची लक्षणे सारखीच दिसतात आणि म्हणूनच घोटाळा होतो. आतल्या दोषाचे खापर बाहेरच्या तारेवर फुटते, तंत्रज्ञाची वाट पाहण्यात दिवस जातात आणि तो आल्यावर दोन मिनिटांत काम होते.

अशी चूक केवळ खेड्यातच होते असे नाही. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम या सेवा जगभर सुमारे सहा तास बंद पडल्या. देखभालीच्या कामात दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेमुळे त्या कंपनीची अंतर्गत जोडणी तुटली आणि तिच्या सेवांचे पत्ते सांगणारी यंत्रे जगाला दिसेनाशी झाली. कोठेही आग लागली नव्हती, पूर आला नव्हता. एवढ्या मोठ्या कंपनीस जे चुकते, ते ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्यास चुकले तर त्यात लाज वाटण्याचे कारण नाही. मात्र चूक कशी शोधावी, हे त्यास ठाऊक असले पाहिजे.

पत्त्याची व्यवस्था

टपालाचे उदाहरण घेतले म्हणजे ही व्यवस्था सहज ध्यानात येते. पत्रावर घराचा पत्ता असतो, तसा जाळ्यातील प्रत्येक संगणकास आकड्यांचा एक पत्ता असतो. त्यास आयपी पत्ता म्हणतात. १९८१ साली ठरलेल्या पद्धतीनुसार या पत्त्यात चार आकडे असतात, त्यांच्यामध्ये टिंबे असतात आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्या दरम्यान असतो. उदाहरणार्थ, १९२.१६८.१.२५. संगणकावर हे आकडे इंग्रजी अंकांतच लिहावे लागतात, हे नवशिक्याने ध्यानात ठेवावे.

या पद्धतीने एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते तयार होतात. जगाच्या गरजेपुढे ते अपुरे पडले. म्हणून १९९६ साली काही पत्ते घरगुती वापरासाठी राखून ठेवण्यात आले. १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते कोणत्याही कचेरीस आपल्या भिंतींच्या आत वापरता येतात. ‘वरची आळी, घर क्रमांक पाच’ हा पत्ता अनेक गावांत असू शकतो, त्याचप्रमाणे १९२.१६८.१.५ हा पत्ता जोयड्याच्या शाळेतही असेल आणि बेळगावच्या दुकानातही असेल. भविष्याची तरतूद म्हणून आयपी आवृत्ती ६ ही कितीतरी अधिक पत्त्यांची नवी पद्धत प्रचारात आली आहे. परंतु कचेरीच्या आतील नित्याच्या अडचणी अजूनही बहुधा जुन्याच पद्धतीच्या नोंदींत सापडतात.

संगणकाच्या जोडणीत अशा चार नोंदी असतात. पहिली नोंद त्याच्या स्वतःच्या पत्त्याची.

दुसरी नोंद सबनेट मास्कची. वाडीची हद्द कोठवर, हे ती सांगते. लहान कचेरीत ती बहुधा २५५.२५५.२५५.० अशी असते. तिचा अर्थ असा, की पत्त्याचे पहिले तीन आकडे वाडीचे नाव आणि चौथा आकडा घराचा क्रमांक. अशा वाडीत २५४ यंत्रांना पत्ते देता येतात.

तिसरी नोंद गेटवेची. वाडीबाहेर जाणारे प्रत्येक पत्र ज्या वेशीतून जाते, त्या वेशीचा हा पत्ता होय. कचेरीत ही वेस म्हणजे बहुधा राउटर, आणि त्याचा पत्ता सामान्यतः १९२.१६८.१.१ अथवा १९२.१६८.०.१ असा असतो.

चौथी नोंद डीएनएसची. माणसे संकेतस्थळ नावाने ओळखतात, यंत्र आकड्यांनी ओळखते. नाव सांगताच आकडा काढून देणारी ही नोंदवही १९८३ साली योजण्यात आली. गावात नवख्याने नाव विचारावे आणि जाणत्याने घर दाखवावे, तसेच तिचे काम असते.

या चारही नोंदी हाताने भरता येतात. तथापि बहुतेक ठिकाणी राउटरच प्रत्येक यंत्रास त्या आपोआप वाटून देतो. या वाटपाच्या पद्धतीस डीएचसीपी म्हणतात. पत्ता काही मुदतीपुरताच मिळतो आणि मुदत संपताना त्याचे नूतनीकरण होते.

बुडालेल्या गावाचा पत्ता

सुपा धरणाच्या जलाशयात जुने सुपा गाव बुडाले, तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले आणि अनेक कुटुंबे रामनगर येथे वसली. समजा, त्यानंतरही एखाद्या दूरच्या नातलगाने पत्रावर जुनाच पत्ता लिहिला, तर दोष टपालवाल्याचा नव्हे आणि रस्त्याचाही नव्हे. गाव हलले, पत्ता बदलला. लिहिणाऱ्याच्या वहीत मात्र तो जुनाच राहिला.

संगणकांच्या बाबतीत नेमके हेच घडते. वळवाच्या दिवसांत घाटमाथ्यावर विजा कडाडतात आणि त्यांच्या तडाख्याने मोडेम अथवा राउटर जळतो. त्याच्या जागी नवे यंत्र बसते. जुन्या यंत्राचा पत्ता १९२.१६८.१.१ होता, नव्याचा १९२.१६८.०.१ आहे. ज्या संगणकांना पत्ता आपोआप मिळतो, ते नव्या वेशीशी लगेच जुळवून घेतात. पण ज्या संगणकात पूर्वी कोणी हाताने नोंदी भरून ठेवल्या होत्या, तो अजून जुन्या, नाहीशा झालेल्या वेशीकडेच पत्रे धाडत राहतो. छपाईयंत्राचा पत्ता हाताने दिलेला असेल, तर तेही मुके होते. मग ‘नवीन यंत्र खराब निघाले’ असा समज पसरतो. वास्तविक यंत्र चांगले असते; जुने पत्ते तेवढे पुसावयाचे राहिलेले असतात.

नित्य आढळणारे दोष

एक: संगणकाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने त्यास पत्ता दिलेलाच नाही असे समजावे. कोणी पत्ता देत नाही असे पाहून संगणकाने तो स्वतःच घेतलेला असतो आणि त्याच्या जोरावर वेशीबाहेर जाता येत नाही. अशा वेळी केबल सैल आहे काय, राउटर चालू आहे काय आणि त्यातील वाटप बंद पडले आहे काय, हे क्रमाने पाहावे.

दोन: प्रशिक्षणासाठी अथवा दुसऱ्या कचेरीत नेलेला लॅपटॉप परत आल्यावर चालत नाही. तेथील जाळ्यासाठी त्यात हाताने पत्ता भरलेला असतो आणि येथील वाडी निराळी असते. पत्ता आपोआप घेण्याची निवड पुन्हा केली, की तो पूर्ववत चालू लागतो.

तीन: एकच पत्ता दोन यंत्रांकडे जातो. छपाईयंत्रास हाताने १९२.१६८.१.१० हा पत्ता दिला आणि राउटरने तोच पुढे एखाद्या मोबाइलला वाटला, तर दोन घरांना एकच क्रमांक दिल्यासारखे होते. छपाई कधी होते, कधी होत नाही आणि कारण कोणालाच उमगत नाही. यास्तव राउटरने १०० ते १९९ हेच क्रमांक वाटावेत असे ठरवावे आणि हाताने द्यावयाचे पत्ते त्या हद्दीबाहेर ठेवावेत.

चार: वाय-फाय दूरच्या खोलीत पोहोचत नाही, म्हणून कोणी बाजारातून दुसरा राउटर आणतो आणि जुन्यास जोडतो. तो बसविताना काळजी न घेतल्यास दोन्ही राउटर पत्ते वाटू लागतात. ज्या संगणकास दुसऱ्याकडून पत्ता मिळतो, त्याची वेस भलतीकडेच उघडते. एका वर्गातील काही संगणक चालतात आणि काही चालत नाहीत, तेव्हा हा दोष प्रथम तपासावा. दुसऱ्या राउटरमधील डीएचसीपी बंद करावी आणि त्याचा स्वतःचा पत्ता पहिल्याहून वेगळा, परंतु त्याच वाडीतील असा ठेवावा.

पाच: शाळेत मेळावा अथवा प्रशिक्षण भरते, शंभरावर मोबाइल एकाच वाय-फायला जोडले जातात आणि वाटपाचे पत्ते संपतात. उशिरा आलेल्यास पत्ता मिळत नाही. मुदत चोवीस तासांची असेल, तर पाहुणे निघून गेले तरी त्यांचे पत्ते अडकून राहतात. अशा प्रसंगी मुदत एक-दोन तासांवर आणावी.

सहा: आकड्यांनी वाट सापडते, परंतु नावाने सापडत नाही. हा डीएनएसचा दोष. पुरवठादार बदलला तरी जुन्याचाच पत्ता त्या नोंदीत राहिला, म्हणजे असे होते. क्वचित त्यामागे लबाडीही असते. डीएनएस चेंजर या नावाच्या घातक आज्ञावलीने शंभराहून अधिक देशांतील सुमारे ४० लाख संगणकांतील ही एकच नोंद बदलून लोकांना खोट्या स्थळांकडे वळविले होते. नोव्हेंबर २०११ मध्ये ही टोळी पकडली गेली. ग्रासलेल्या संगणकांची जोडणी एकाएकी तुटू नये म्हणून त्या जागी तात्पुरती चांगली यंत्रे चालविण्यात आली. ९ जुलै २०१२ रोजी ती बंद होताच, ज्यांनी नोंद दुरुस्त केली नव्हती त्यांना संकेतस्थळे उघडेनाशी झाली. यास्तव राउटरचा मूळ संकेतशब्द बदलणे ही प्रत्येक कचेरीची जबाबदारी आहे.

याखेरीज एक दोष पत्त्याचा नसूनही तसाच भासतो. संगणकाच्या आतील लहान बॅटरी संपली, की वीज गेल्यावर त्याची तारीख कित्येक वर्षे मागे जाते आणि सुरक्षित संकेतस्थळे त्यास प्रवेश नाकारतात. म्हणून पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख आधी पाहावी.

चौकशीचा क्रम

दोष शोधताना जवळून दूर जावे. वाट चुकलेले गुरू शोधणारा गवळी प्रथम गोठा पाहतो, मग आवार आणि त्यानंतर रान. येथेही तोच क्रम योग्य होय.

पहिला प्रश्न: दोष एकाच संगणकात आहे की सर्वांत? मोबाइलवर पडताळताना त्याची स्वतःची डेटासेवा आधी बंद करावी आणि मगच वाय-फाय तपासावे. अन्यथा मोबाइल आपल्या मनोऱ्यावरून चालतो आणि कचेरीची जोडणी ठीक असल्याचा भास होतो. एकच संगणक अडला असेल, तर दोष बहुधा त्याच संगणकात असतो.

दुसरा प्रश्न: संगणकाचा पत्ता कोणता? विंडोज संगणकावर आज्ञेच्या काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग ही आज्ञा रोमन लिपीत दिली, की पत्ता, मास्क आणि गेटवे दिसतात. शेजारच्या चालू संगणकाशी ते ताडून पाहावे. पहिले तीन आकडे, मास्क आणि गेटवे दोहोंत सारखे हवेत. चौथा आकडा मात्र निराळाच हवा.

तिसरा प्रश्न: वेशीपर्यंत हाक पोहोचते काय? त्याच खिडकीत पिंग या आज्ञेपुढे गेटवेचा पत्ता लिहावा. उत्तर आले, तर राउटरपर्यंतची वाट ठीक आहे. उत्तर न आल्यास केबल, वाय-फाय अथवा पत्ता यांपैकी कशात तरी दोष आहे.

चौथा प्रश्न: वेशीबाहेर हाक जाते काय? पिंगपुढे ८.८.८.८ हा गूगलचा सार्वजनिक पत्ता लिहावा. गेटवे उत्तर देतो आणि हा पत्ता देत नाही, अशी स्थिती सर्व संगणकांवर असेल, तर दोष राउटरच्या पलीकडे, म्हणजे पुरवठादाराच्या तारेत असण्याचा संभव मोठा. काही कचेऱ्यांत सुरक्षिततेसाठी पिंगची उत्तरे रोखलेली असतात, हे मात्र ध्यानात ठेवावे.

पाचवा प्रश्न: नावाने वाट सापडते काय? आकड्याने उत्तर येते आणि कोणत्याही नावाने येत नाही, तर डीएनएस तपासावे. इतर संकेतस्थळे उघडतात आणि हवे ते एकच उघडत नाही, तर अडचण बहुधा त्या स्थळाचीच असते. अशा वेळी ग्रामस्थास ‘नेट नाही’ असे न सांगता ‘त्या खात्याचे संकेतस्थळ आज उघडत नाही’ असे सांगावे. ते अधिक खरे ठरते आणि त्याने चौकशी कोठे करावी, हेही त्यास कळते.

या पाच प्रश्नांना दहा मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागू नये.

काय करू नये

उतावीळपणाने दोष वाढतो. राउटरच्या मागे टाचणीने दाबावयाचे एक बारीक छिद्र असते. ते दाबून धरल्यास यंत्रातील सर्व नोंदी पुसल्या जातात आणि त्यांबरोबर पुरवठादाराने दिलेले नाव व संकेतशब्दही जातात. आतला लहानसा दोष दुरुस्त करताना खरोखरच जोडणी तुटते. यंत्र बंद करून अर्ध्या मिनिटाने पुन्हा चालू करणे निराळे आणि ते छिद्र दाबणे निराळे.

एका वेळी एकच नोंद बदलावी. बदलण्यापूर्वी जुनी नोंद कागदावर उतरून घ्यावी. उपयोग झाला नाही तर ती पूर्ववत करावी आणि मगच दुसरीस हात लावावा. शासकीय विस्तृत जाळ्यावरील संगणकांना पत्ते बहुधा वरूनच नेमून दिलेले असतात. तेथे संबंधित अधिकाऱ्यास विचारल्याखेरीज आपोआप पत्ता घेण्याची निवड करू नये.

वहीचे महत्त्व

प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि शाळेत या कामासाठी एक साधी वही ठेवावी. तीत राउटरचा पत्ता, वाटपाची हद्द, छपाईयंत्राचा पत्ता, पुरवठादाराचा तक्रार क्रमांक आणि जोडणीचा ग्राहक क्रमांक लिहावा. कोणत्या दिवशी काय बिघडले आणि कशाने सुधारले, याची नोंद तारखेसह करावी. संकेतशब्द भिंतीवर चिकटवू नयेत. ते बंद पाकिटात जबाबदार व्यक्तीजवळ असावेत. संगणक हाताळणाऱ्या कर्मचाऱ्याची बदली होते, शिक्षक दुसऱ्या गावी जातो. पण वही मागे राहते आणि नव्या माणसास प्रारंभापासून चाचपडावे लागत नाही.

शिक्षकांनी हे पाच प्रश्न वरच्या वर्गातील मुलामुलींना अवश्य शिकवावेत. २०२० साली शाळा बंद होत्या, त्या काळात सह्याद्रीतील अनेक गावांत मुलांना मोबाइलच्या लहरींसाठी टेकडी चढावी लागली. लहरी कोठे मिळतात, हे त्या पिढीने पायांनी शिकून घेतले. आलेली जोडणी नीट कशी ठेवावी, हे तिला डोक्याने शिकविणे आता शाळेचे काम आहे.

अधिकाऱ्यांनीही तक्रार घेताना ‘नेट बंद’ एवढ्यावर समाधान मानू नये. गेटवेचे उत्तर येते काय, बाहेरचा पत्ता उत्तर देतो काय आणि दोष किती संगणकांवर आहे, या तीन गोष्टी तक्रारीत असाव्यात. मग तंत्रज्ञास घाट चढण्यापूर्वीच कळेल, की सोबत केबल न्यावी की राउटर, अथवा दूरध्वनीवरूनच काम भागेल.

रानातली तार तुटली, तर ती जोडण्यास वेळ लागणारच. त्याबद्दल कोणी तक्रार करणार नाही. परंतु तार शाबूत असताना केवळ चार आकडे चुकल्यामुळे दूरच्या वाडीवरून आलेला माणूस रिकाम्या हाताने परतू नये. त्यास बाकावर बसवावे, पाणी द्यावे आणि पाच प्रश्न विचारून पाहावेत. त्यानंतरही ‘नेट नाही’ असेच सांगावे लागले, तर ते निदान खरे तरी असेल आणि तो पुन्हा केव्हा यावा, हेही त्याबरोबर सांगता येईल.